पदरच्या पैशाची तलवार

नमस्कार श्रोतेहो. बोलण्याआधी एक आवाज ऐकवतो. कान द्या.

टक्.

आला ऐकू? माझ्या हातात आत्ता एक तलवार आहे, रीतसर परवानगी काढून स्टुडिओत आणलेली. तिची परज, म्हणजे मुठीपाशी हात झाकणारं कवच, मिटली, त्याचा हा आवाज. तलवारीची परज मिटते कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर या परजेची आतली अर्धी बाजू बिजागरीवर आहे. कमरेला लटकवली की ती अंगरख्याला घासायची, कापड झिजायचं. म्हणून ती मिटवून ठेवायची सोय. आता मला सांगा, ज्याला लढाईत जीव वाचवायचाय, तो कोटाच्या कापडाची इतकी काळजी करेल का?

ही प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, पायदळी अधिकाऱ्याची तलवार, १८८९ सालच्या नमुन्याची. जर्मन भाषेत सरळ पात्याच्या अशा तलवारीला ‘डेगन’ म्हणतात. पितळी परजेत जाळीकाम करून पंख पसरलेला गरुड बसवलाय. मुठीवर मासळीचं खरखरीत कातडं, त्यावर तारेचे वेढे, आणि मधोमध कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसऱ्या विल्हेल्मची मुद्राक्षरं. नमुना सरकारनं ठरवून दिलेला, पण पैसे मात्र अधिकाऱ्यानं पदरचे घालायचे. शिपायाचं हत्यार सरकारी, साहेबाचं स्वतःचं. मला या तलवारींचं वेड लागलं ते इथेच. सरकारी माल सगळा सारखा असतो. खिशातून घेतलेल्या वस्तूत माणूस दिसतो.

लेफ्टनंटचा पगार तुटपुंजा. घरून पैसे येत नसतील तर साधं, निकेलचा मुलामा दिलेलं पातं घ्यायचं. सासरा श्रीमंत असेल तर निळसर झाक दिलेलं, सोनेरी वेलबुट्टीचं. त्याहून वरचं म्हणजे दमास्क. पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या एकत्र तापवून, पिळून, ठोकून काढलेलं पातं; त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. आपल्याकडे पात्यावरच्या अशा नक्षीला जौहर म्हणतात. पण दख्खनचा जौहर मुशीत ओतलेल्या पोलादातून आपसूक यायचा, आणि हा पट्ट्या जोडून आणलेला. दिसायला भावंडं, जन्म वेगळा.

मी हत्यारखान्यातला माणूस, म्हणजे टूलरूममधला. साचे आणि डाय करण्यात आयुष्य गेलं. नोकरीनिमित्त काही वर्षं ऱ्हाईन नदीच्या काठी होतो. तिथून झोलिंगेन जवळच. आपण सोलिंगेन म्हणतो. जुन्या न्हाव्याच्या धोपटीतल्या वस्तऱ्यावर हे नाव वाचल्याचं काही जणांना आठवत असेल. वुपर नदीच्या पाण्यावर चाक फिरवून पाती घासणाऱ्या तिथल्या धारवाल्यांच्या झोपड्या, त्यांना ‘कॉटेन’ म्हणतात, अजून एक-दोन राखून ठेवल्या आहेत. पूर्वी तिथे लोहार वेगळा, पाणी देणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ-म्यान जोडणारा वेगळा. गावचं कसब बाहेर नेणार नाही, अशी कारागिरांना शपथ असे.

पात्यावर, मुठीच्या अगदी जवळ, कारखान्याचा शिक्का असतो. नवशिक्यानं तो आधी शोधावा. खार दिसली तर कार्ल आयकहॉर्न, कारखाना १८६५ चा. जर्मनमध्ये खारीला आयशहर्नशन म्हणतात, म्हणजे मालकानं आडनावावरच कोटी केली. राजाचं डोकं आणि शेजारी शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं डोकं दिसलं तर वायर्सबर्ग आणि किर्शबाउम. ही दोन घराणी १८८३ साली एक झाली, त्यामुळे जोडशिक्का असलेली तलवार त्याआधीची असूच शकत नाही. शिक्का म्हणजे जन्मदाखलाच झाला.

आणखी एक गंमत. कैसर दुसरा विल्हेल्म, आणि त्याच काळात व्युर्टेम्बर्ग या दुसऱ्या जर्मन राज्याचा राजासुद्धा दुसरा विल्हेल्मच! त्यामुळे नुसतं ‘डब्ल्यू’ बघून प्रशिया म्हणू नये. परजेवर गरुड आहे की दुसरं राजचिन्ह, ते पाहावं. बव्हेरिया या तिसऱ्या राज्याच्या पात्यांवर ‘इन ट्रॉय फेस्ट’ कोरलेलं असतं, निष्ठेत अढळ.

आता माझी फजिती सांगतो. नदीकाठच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं दमास्क म्हणून एक पातं दाखवलं. सकाळचं कोवळं ऊन, पात्यावर सुरेख लाटा. मी दीड महिन्याची शिल्लक मोजली. घरी आणून चिंधीनं तेल लावलं, पुसलं, पुन्हा पुसलं, तशा लाटा फिकट होत गेल्या. नक्षी तेजाबानं वरवर खाऊन काढलेली! पातं उलटं धरून पाठ, म्हणजे धारेविरुद्धची जाड कड, बघितली असती तर तिथेच कळलं असतं. खऱ्या दमास्कची नक्षी पाठीवरून वळते, पात्यातल्या लांब पन्हळीत उतरते. माझ्या पात्याची पाठ कोरी, आरशासारखी. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची पाठ-पोट तपासली, त्यानं स्वतःच्या पैशाला मात्र समोरूनच बघितलं. ते पातं मी विकलं नाही. माळ्यावर आहे.

दुसरी फसवणूक जोडकामाची. मूठ एकीची, पातं दुसरीचं, म्यान तिसरीचं. मुठीच्या टोकाला पात्याची शेपटी ठोकून बसवलेली असते. तिथे ताजे हातोड्याचे घाव, चकचकीत धातू दिसला की गप्प घरी यावं.

१९३३ नंतरच्या तलवारी मी घेत नाही. त्यांना भाव जास्त, म्हणून नकलाही जास्त; पण कारण ते नाही. स्वस्तिक असलेलं हत्यार जर्मनीत चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे, आणि माझ्या घरातही ते भिंतीवर मला नकोय. माझा संग्रह १९१८ साली, कैसरनं गादी सोडली तिथे थांबतो.

युरोपी पाती आपल्याला काही नवी नाहीत. नागपूरकर रघोजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनानं २०२५ साली लंडनच्या लिलावात घेतली, तिचं पातं युरोपी आणि मूठ आपल्याकडच्या मुल्हेरी घाटाची. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत ‘सेनासाहेब सुभा’ या किताबासह रघोजींचं नाव आहे, आणि शेवटचा शब्द ‘फिरंग’. पातं परक्याचं आहे हे लपवलं नाही, उलट मिरवलं. तिथेही पाठच बघायची असते बरं का!

पुण्याच्या पावसाळ्यात या प्रशियन पाहुण्या फार आजारी पडतात. म्यान ओल धरतं, म्हणून जून ते सप्टेंबर पाती म्यानाबाहेर, हलका हात तेलाचा, आणि उघड्या बोटांनी शिवायचं नाही. दसऱ्याला आमच्या घरी त्यांचीही पूजा होते. हिनं पहिल्या वर्षी ओलं हळदकुंकू थेट पात्यावर लावलं; तो डाग अजून आहे. आता फुलं म्यानावर वाहतात.

माझा नातू दर वेळी एकच विचारतो, “आजोबा, हिनं कुणाला मारलं का?” मी त्याला धार दाखवतो. बोथट आहे, कधी लावलेलीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या लढाईत असल्या तलवारी घरी पाठवून द्याव्या लागल्या. मग मी म्यानाचं खालचं टोक दाखवतो. लोखंडाची पाचर आहे, एकाच बाजूनं तिरपी झिजलेली, बोट फिरवलं तर कड लागते. कोण्या लेफ्टनंटच्या टाचेमागे ही फरसबंदीवर वर्षानुवर्षं खरखरत गेली.

म्यानात घालतो आता. नमस्कार.