उमोजा: बायकांनी वसवलेलं गाव

उत्तर केनियातला सांबुरू भाग. आर्चर्स पोस्ट नावाचं छोटंसं ठाणं, जवळून एवासो न्यिरो नदी वाहते, आणि शेजारच्या नॅशनल रिझर्व्हमध्ये हत्ती बघायला आलेले टुरिस्ट जाता जाता इथं उमोजात थांबतात. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत शेणामातीनं लिंपलेल्या बसक्या झोपड्या, आणि त्यात राहणारा पुरुष एकही नाही.

1990 मध्ये रिबेका लोलोसोली आणि तिच्यासोबतच्या 15 बायकांनी हे गाव वसवलं. त्या भागात ट्रेनिंगला येणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी आपल्यावर बलात्कार केला असं यातल्या अनेकजणी सांगत होत्या, आणि नवऱ्यांनी काय केलं, तर अब्रू गेली म्हणून यांनाच घराबाहेर काढलं! रिबेका बायकांच्या हक्काचं बोलते म्हणून तिलाही मारहाण झाली. पुढे शेकडो केनियन बायकांनी तक्रारी केल्या, ब्रिटिश मिलिटरी पोलिसांनी चौकशी केली, शिक्षा मात्र कुणालाच नाही.

सुरुवातीला यांनी भाजी विकून बघितली, पण शेती येत नव्हती, भाजी दुसऱ्याकडून आणायची, त्यात काय सुटणार. मग मणी हातात घेतले.

आता हे मणी साधे नाहीत हां. सांबुरूंमध्ये तरुण योद्धा, म्हणजे मोरान, लहान मुलीच्या गळ्यात मण्यांच्या माळा घालतो, लग्न वगैरे काही नाही पण तिच्यावर हक्क त्याचा, आणि मुलगी कधीकधी नऊ-दहा वर्षांची असते. तेच मणी उमोजात बायका सावलीत बसून ओवतात, लाल, निळे, पांढरे, रुंद गळपट्टे बनवून टुरिस्टांना विकतात आणि पैसा स्वतःच्या हातात घेतात. मारहाणीतून सुटून आलेली, खतना किंवा बालविवाह टाळून पळालेली पोरगीही याच घोळक्यात येऊन बसते. सगळ्याजणी त्यातूनच गेलेल्या, त्यामुळे पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागत नाही, आणि मला वाटतं बरं होण्याची निम्मी वाट तिथंच सरते.

पुरुषांना हे झोंबलं, साहजिकच. त्यांनी शेजारी स्वतःची गावं काढून टुरिस्ट तिकडे वळवायचा प्रयत्न केला, पण बायकांनी पैसे साठवून जमीनच विकत घेतली, शाळा काढली, कॅम्पसाइट चालवली.

आणि पुरुषद्वेष म्हणाल तर तसंही नाही. अनेकींचे बाहेर मित्र आहेत, मुलं होतात, मुलगे इथंच वाढतात, 18 चे झाले की मात्र त्यांनी दुसरीकडे राहायचं. बाकी पुरुषांनी दिवसा यावं, बघावं, माळा विकत घ्याव्यात, गावात मुक्काम नाही.