भाषांतरकार पंतप्रधान

अध्यक्ष महाराज, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘नरसिंह रावांची वाटचाल : १९७२ ते १९९१’. त्या विषयावर मी येणार आहे. पण चंद्रपुरात उभं राहून नरसिंह रावांबद्दल बोलायचं आणि सुरुवात चांद्याच्या, म्हणजे याच गावच्या, हैदराबाद मुक्तीच्या लढ्यातल्या छावणीपासून करायची नाही, हे मला पटत नाही. तेव्हा आधी चांदा, मग दिल्ली.

एक सल मनात घेऊन आलो आहे, तो आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संस्थेने दर्शनी भागात मोठा फलक लावायचं ठरवलं. विदर्भातून निवडून गेलेले, देशपातळीवर मोठी पदं भूषवलेले नेते, असा त्याचा विषय. नावं सुचवायला मला बोलावलं होतं. मी पहिलंच नाव लिहून दिलं, पी. व्ही. नरसिंह राव, रामटेक, १९८४ आणि १९८९. दोन महिन्यांनी फलक लागला. सगळी नावं होती, हे नव्हतं. विचारलं, तर उत्तर मिळालं, “सर, ते आपले नव्हेत ना. ते तेलुगू.” मी म्हटलं, अहो, मतं आपण दिली, तीही दोनदा. त्यावर म्हणाले, “मतं दिली हो, पण ते पार्सल होतं.”

पार्सल! हा शब्द मी १९८४च्या प्रचारातही ऐकला होता. रामटेकच्या सभेत मी मागे उभा होतो. मराठीचा तरुण शिक्षक. आंध्रातले पुढारी येणार, हिंदीत दोन वाक्यं बोलून जाणार, अशी गर्दीची समजूत होती. माणूस उभा राहिला आणि मराठीत बोलायला लागला. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाचं नव्हे, पुण्याच्या वळणाचं, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी असलेलं मराठी. माझ्या शेजारी एक म्हातारबा होते. ते म्हणाले, “हा तर आपल्याहून चांगला बोलून राहिला बापा!” त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला. हे मराठी त्याच्याकडे आलं कुठून, याचा मी शोध घेत गेलो, आणि तो शोध मला चांद्यापर्यंत घेऊन आला.

आता गोष्ट मागे नेतो, १९३८ सालात. वरंगळ जिल्ह्यातल्या लकनेपल्लीत जन्मलेला आणि वंगारा गावच्या जमीनदार घरात दत्तक गेलेला सतरा वर्षांचा मुलगा कॉलेजात शिकतोय. राज्य निजामाचं. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली, सरकारने बंदी घातली. मुलं ऐकेनात. आपल्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही तेच झालं, मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ती आठवण अजून सांगतात. शेकडो मुलांची नावं पटावरून काढली गेली. निजामाच्या राज्यात त्यांना शिक्षणाची दारं बंद झाली.

अशा वेळी मुलांनी जायचं कुठे? नागपूरला! नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी या मुलांना सरळ प्रवेश दिला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. एका विद्यापीठाने हाकललं, दुसऱ्याने रांग लावून आत घेतलं. आज एखादा दाखला कमी पडला तर आपली कार्यालयं पोराला तीन चकरा मारायला लावतात. त्या वर्षी नागपूरने हात आखडला असता, तर त्यातली कितीतरी मुलं शेतावर परतली असती. नरसिंह राव हे त्या मुलांपैकी एक. पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये बी. एस्सी. केलं आणि कायद्याच्या पदवीसाठी पुन्हा नागपूर. म्हणजे ऐन घडण्याची वर्षं त्यांनी मराठी मुलखात काढली, मराठी पोरांबरोबर जेवत, भांडत, वर्तमानपत्रं वाचत. पार्सल म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ते पार्सल नव्हतं. माणूस जिथे शिकला तिथे परत आला होता.

आणि मग १९४७-४८. इथे तुम्ही चंद्रपूरकरांनी कान द्यायला हवा. देश स्वतंत्र झाला, हैदराबाद झालं नाही. वर्धा नदीपलीकडचं तुमचं राजुरा निजामाकडे होतं. बल्लारपूरच्या काठावर उभं राहिलं की समोर दुसरं राज्य. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर छावण्या उघडल्या, त्यातली एक चांद्याला. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, जाचाला कंटाळून पलीकडून माणसं यायची, त्यांची सोय लावायची, आतल्या कार्यकर्त्यांना निरोप आणि सामान पोचवायचं, निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर धडक मारायची, अशी त्या छावण्यांची कामं. सव्विसाव्या वर्षी नरसिंह राव या चांद्याच्या छावणीत काम करत होते. ज्या माणसाला दिल्लीने पुढे मुका, थंड, निर्णय न घेणारा म्हणून हिणवलं, तो या गावात राहून एका राजवटीविरुद्ध लढत होता. सप्टेंबर १९४८मध्ये भारताची लष्करी कारवाई, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि छावण्या उठल्या.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याचे आणि पुढे अंबाजोगाईचे शिक्षक. नरसिंह राव शेवटपर्यंत स्वामीजींना गुरू मानत. हैदराबाद संस्थानाची गंमत अशी, की तेलंगण, मराठवाडा आणि कानडी मुलूख एकाच काँग्रेसमध्ये. बैठकीत एक तेलुगूत बोलणार, दुसरा मराठीत, सरकारी कागद उर्दूत. तिथे जो वर चढणार, त्याला एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत मांडता आलंच पाहिजे. राजकारणात दुभाष्या व्हावंच लागायचं.

आता माझा मुद्दा. नरसिंह राव भाषांतरकार होते, हे सगळे छंद म्हणून सांगतात. त्यांना कितीतरी भाषा यायच्या, साठी उलटल्यावर ते संगणकाची भाषाही शिकले, असं कौतुकाने सांगतात आणि पुढे जातात. माझं म्हणणं आहे की भाषांतर हीच त्यांची राज्य करण्याची रीत होती. विश्वनाथ सत्यनारायणांची प्रचंड तेलुगू कादंबरी ‘वेयी पडगलु’ त्यांनी हिंदीत ‘सहस्रफण’ या नावाने नेली. आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली, ‘अबला जीवितम्’ या नावाने. मी अडतीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून या दुसऱ्या निवडीपाशी थांबतो. त्यांनी शौर्याची ऐतिहासिक कादंबरी उचलली नाही. यमूची कहाणी उचलली. हरिभाऊंनी ती यमूच्याच तोंडून सांगितली आहे. लेखक स्वतः मध्ये कुठेही येत नाही, बालविधवेचं दुःख तिच्या घरगुती भाषेत येतं, आणि म्हणूनच ते त्या काळच्या सनातनी घरातही वाचलं गेलं. हीच गोष्ट हरिभाऊंनी व्याख्यान झोडून सांगितली असती, तर त्या घरांनी दार लावून घेतलं असतं. बदल घरात शिरतो तो ओळखीच्या आवाजात. हे तंत्र ज्याने ओळ न् ओळ दुसऱ्या भाषेत उतरवलं, त्याच्या हाताला ते लागलं नसेल असं मला वाटत नाही.

(कार्यवाहांकडून चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. ठीक आहे, पत्रिकेवरच्या विषयाकडे येतो.)

१९५२ची पहिली लोकसभा निवडणूक ते हरले. १९५७ला मंथनीतून आमदार झाले आणि वीस वर्षं राहिले. मंथनी गोदावरीकाठी, आपल्या सिरोंच्याकडून नदी ओलांडली की तो मुलूख. मंत्रिपदं झाली, आणि ३० सप्टेंबर १९७१ला ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. त्या सव्वा वर्षात हा माणूस भाषांतरकार नव्हता, मूळ लेखक होता. स्वतः जमीनदार असून त्याने जमिनीवर कमाल मर्यादा आणणारा कायदा धरला, उघडपणे, छातीठोकपणे. ज्यांच्या जमिनी जाणार होत्या ते त्याच्याच पक्षात बसले होते. ते संधी शोधत होते, आणि ३ ऑक्टोबर १९७२ला ती मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले. हैदराबादच्या जुन्या मुलखातल्या नोकऱ्या तिथल्याच लोकांना, असा तो नियम. किनारी आंध्रात भडका उडाला, वेगळ्या आंध्र राज्यासाठी ‘जय आंध्र’ आंदोलन सुरू झालं, मंत्र्यांनी राजीनामे दिले. जानेवारी १९७३मध्ये सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली. मुख्यमंत्रिपद जेमतेम पंधरा महिने टिकलं.

त्या जखमेतून ते काय शिकले? बदल आपल्या नावाने, आपल्या आवाजात जाहीर केला की विरोधकांना नेम धरायला माणूस मिळतो. पुढची अठरा वर्षं ते दिल्लीत दुसऱ्यांच्या मागे राहिले. परराष्ट्र, गृह, संरक्षण, शिक्षण. १९७१मध्ये सर्वेलला सुरू केलेल्या निवासी शाळेची कल्पना नवोदय विद्यालयांच्या रूपाने देशभर नेली, ती राजीव गांधींच्या नावाने. १९८४ला हनमकोंड्यात पडले. त्या लाटेत भाजपला देशात दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक यांना हरवून! लोकसभेत पोचले ते केवळ रामटेकमुळे. कालिदासाच्या यक्षाने जिथून निरोप धाडला, त्याच डोंगरापाशी आपण यांना ठेवून घेतलं. १९९१ला त्यांनी निवडणूक लढवलीच नाही, दिल्ली सोडायची तयारी होती. २१ मेला राजीव गांधींची हत्या झाली आणि २१ जूनला हे पंतप्रधान झाले.

तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन. सभागृहात बहुमत नाही. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोनदा रुपया खाली आणला, जवळपास ४७ टन सोनं बाहेर पाठवावं लागलं. आणि २४ जुलैला काय झालं ते बघा. संध्याकाळी मनमोहन सिंग अर्थसंकल्प मांडतात, देशाचं लक्ष तिकडे. त्याच दिवशी उद्योग धोरणाचं निवेदन सभागृहात ठेवलं जातं. उद्योग खातं कुणाकडे? खुद्द पंतप्रधानांकडे. पण ते निवेदन ठेवतात राज्यमंत्री. त्याने अठरा उद्योग वगळता बाकी सगळ्यांचं परवाना राज्य मोडलं. आणि त्या निवेदनाची सुरुवात होते पंडित नेहरूंच्या स्मरणाने! नवा आशय, जुनी भाषा. नेहरूंच्या पक्षाला नेहरूंच्याच शब्दांत सांगितलं की आता हे बदलतंय. १९७३मध्ये पंधरा महिन्यांत गडगडलेला माणूस या वेळी पाच वर्षं टिकला.

पण ही रीत पुरी पडली नाही तो दिवस मी टाळणार नाही. ६ डिसेंबर १९९२. त्या दिवशी आणि त्याआधीच्या आठवड्यांत देशाला दुभाष्या नको होता. या बाजूचं त्या बाजूला आणि त्या बाजूचं या बाजूला समजावत बसण्याची वेळ निघून गेली होती. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने हुकूम देणारा माणूस हवा होता. तसा आवाज या माणसाकडे होता, चांद्याच्या छावणीत होता, १९७२च्या विधानसभेत होता. त्याने तो गिळला. अयोध्येत बाबरी मशीद पडली, मुंबई पेटली, माणसं गेली. माझ्या आवडत्या नेत्याचा हा दोष मी कमी करून सांगू शकत नाही. जो धडा त्यांना १९९१मध्ये उपयोगी पडला, त्यानेच १९९२मध्ये त्यांचा घात केला, असं मी मानतो.

१९९३चा अविश्वास ठराव आणि त्या मतांचं प्रकरण, ७३वी-७४वी घटनादुरुस्ती, १९९६चा पराभव, २००४च्या डिसेंबरात दिल्लीऐवजी हैदराबादला झालेले अंत्यसंस्कार, २०२४चं भारतरत्न, हे सगळं राहिलं. कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, पण एक विनंती करू द्या.

चांद्याच्या छावणीबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा तिथे असतील, कुणाच्या घरी राजुऱ्याकडून आलेली माणसं उतरली असतील, कुणाच्या पेटीत एखादी चिठ्ठी, एखादा फोटो असेल. मी उद्या दुपारच्या गाडीपर्यंत इथेच, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसणार आहे. वही आणली आहे. कृपा करून या आणि सांगा. मराठीत सांगा, तेलुगूत सांगा, मी लिहून घेईन.