किमान वेतनाचा आकडा कोण ठरवतं?

(तासगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, 'किमान वेतन आणि राष्ट्रीय आर्थिक धोरण' हा विषय संयोजकांनी सुचवला आणि मी लगेच हो म्हटलं. एक गोष्ट बरीच वर्षं मनात साचली आहे आणि ती याच तालुक्यात बोलायला हवी. आपल्याकडे किमान वेतनाची चर्चा निघाली की कारखानदार, ठेकेदार, मुकादम यांच्याकडे बोट दाखवलं जातं. तेही योग्यच आहे. पण सरकार स्वतः मालक असतं तेव्हा काय करतं? ते कायद्यातून अंग काढून घेतं. आणि सरकारनेच अंग काढलं की खालच्याला जाब विचारणार कोण?

किमान वेतनाचा कायदा मुळात चांगला होता. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्याचं विधेयक मांडलं गेलं आणि 1948 मध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे तो ज्या कामांना लागू होता त्या यादीत, शेतमजुरी पहिल्यापासून होती, हे इथे बसलेल्या बागायतदार मंडळींनी लक्षात ठेवावं. जास्तीत जास्त पाच वर्षांनी दर तपासायचे, असंही तो कायदा सांगत होता. पण त्यात एक गोष्ट राहून गेली: दर कोणत्या हिशेबाने ठरवायचा, हे लिहिलंच नाही. म्हणजे आकडा सरकारच्या मर्जीवर. या मुद्द्याकडे मला शेवटी यायचं आहे.

त्याआधी विसापूर. आता तासगावात येऊन विसापूर टाळून कसं चालेल? वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी 1965 मध्ये विसापुरात जो प्रयोग केला त्यातून पुढे राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. 1972 च्या दुष्काळात तिने माणसं जगवली. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. हात रिकामा असेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, असं कायद्याने म्हणणारं हे देशातलं पहिलं राज्य. पैसा कुठून आणला? 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयाने आटपाडीच्या बाईची चूल पेटली. आर्थिक धोरणाचं राजकारण म्हणतात ते हेच, आणि त्या वेळी ते मजुराच्या बाजूने झालं. आजच्या तरुणांना व्यवसाय कर माहीत असतो, पण तो कशासाठी सुरू झाला ते कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पण काम मिळालं म्हणजे दाम मिळाला असं नाही. रोजगार हमीचं काम मोजून घेतात. खड्डा खणताना मधे मातीचा एक उंचवटा तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं. मग लांबी, रुंदी, खोली धरून घनमीटर काढायचे आणि दर लावायचा. दर जमिनीच्या जातीवर. मऊ मातीला कमी, मुरमाला जास्त, कठीण मुरमाला त्याहून जास्त. आता जमीन मऊ की कठीण हे कोण ठरवणार? वहीत लिहिणारा. जतच्या बाजूला पाझर तलावाच्या एका कामावर मी उभा होतो. बायकांची टोळी, हातात टिकाव. मोजणीला आलेल्या साहेबांनी 'मऊ माती' असं लिहिलं. एक बाई पुढे झाल्या, टिकाव उचलला आणि त्यांच्या समोर जमिनीवर मारला. ठिणगी उडाली. "साहेब, मऊ मातीतनं जाळ निघतो व्हय?" साहेबांनी वही मिटली आणि निघून गेले. आठवड्याची मजुरी आली ती मऊ मातीच्या दराने. दिवसाला पडलेली रक्कम किमान वेतनाच्या खाली होती. हजेरीपटावर मात्र सगळं नियमानुसार! सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत खपलेल्या त्या बायका कागदावर आळशी ठरल्या होत्या. मला आजही त्याचा राग येतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. राजस्थानात मदनगंज ते हरमाडा रस्त्याचं काम दुष्काळी मदत म्हणून निघालं होतं. मजुरांत बहुतेक बायका. वीस-वीस जणांची टोळी करायची, पंधरवड्याने काम मोजायचं आणि टोळीच्या कामाप्रमाणे पैसे वाटायचे. किमान वेतन सात रुपये होतं, पण मोजणीच्या या पद्धतीत अनेकींच्या हातात तेवढे पडत नसत. तिलोनिया गावात काम करणारे सामाजिक कार्यकर्ते संजित रॉय यांनी, म्हणजे बंकर रॉय यांनी, हे सर्वोच्च न्यायालयात नेलं. राजस्थान सरकारचं उत्तर काय? ही नोकरी नाही, दुष्काळातली मदत आहे. आणि अशा कामांना मजूर कायद्यांतून सूट देणारा 1964 चा कायदा आमच्याकडे आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी 1983 मध्ये हे फेटाळलं. मजूर रस्ता बांधतो, तो रस्ता सरकारच्या मालकीचा होतो, मग हा उपकार कसला? किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, आणि ती घटनेच्या 23 व्या कलमाने बंद केली आहे. आदल्याच वर्षी आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने हेच सांगितलं होतं. भुकेला माणूस कमी पैशांना 'हो' म्हणतो, पण ते 'हो' त्याच्या खुशीचं नसतं, इतकं सरळ तत्त्व आहे.

आता पुढचं ऐका. 2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. आपल्या विसापूरचंच बीज देशभर गेलं, मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच्या सहाव्या कलमात एक वाक्य घातलं: किमान वेतन कायद्यात काहीही असलं तरी मजुरीचा दर केंद्र सरकार ठरवेल. पहिली काही वर्षं राज्याचा शेतमजुरीचा किमान दर चालला. 1 जानेवारी 2009 पासून केंद्राने आपला दर लावला आणि ते नातं तुटलं. 2010 मध्ये सोनिया गांधींनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना पत्र लिहिलं की किमान वेतन द्या. पंतप्रधानांनी महागाई निर्देशांकाशी दर जोडायचं मान्य केलं, किमान वेतन देण्याचं मात्र नाही. पक्षाच्या अध्यक्षांना जमलं नाही, तिथे जतच्या बाईचं कोण ऐकणार? 2011 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला तरी धोरण हललं नाही. पुढे सरकार बदललं, पण पद्धत तीच राहिली. 2024-25 साली महाराष्ट्रात या योजनेचा दर 297 रुपये होता. ज्यांनी योजना देशाला दिली त्यांच्या घरात ही मजुरी.

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत, आणि मुख्य मुद्दा अजून बाकी आहे. भरभर सांगतो.

आकड्याचा हिशेब अस्तित्वात आहे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघांनी मिळून तो मान्य केला. एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं धरायचं, माणशी 2700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्तीला 20 टक्के. तीन कसे? पुरुष 1, बायको 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6. टिकाव मारणाऱ्या बाईच्या पोटाचा हिशेब 0.8! तरीही मी म्हणतो, हा हिशेब द्या, कारण प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी यांसाठी आणखी 25 टक्के त्यात घातले.

आणि देशपातळीवर काय चाललं होतं? 1996 मध्ये दिवसाला 35 रुपयांचा राष्ट्रीय तळ, म्हणजे मजुरी ज्याखाली जाऊ नये असा दर, जाहीर झाला, राज्यांवर बंधन काहीच नाही. 2017 मध्ये तो 176 झाला. केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने 2019 मध्ये सांगितलं, दिवसाला 375 द्या. त्यांनी उष्मांक 2700 वरून 2400 वर आणले होते, तरी आकडा 375 आला. सरकारने जाहीर केले 178. दोन वर्षांत दोन रुपये वाढ. आणि त्याच महिन्यात आलेल्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारचेच अर्थतज्ज्ञ लिहीत होते की दर तीन मजुरांपैकी एकाला किमान वेतनाचं संरक्षणच नाही.

मजुरी वाढवली तर रोजगार जातील, ही भीती नेहमी घातली जाते. अमेरिकेत न्यू जर्सीने 1992 मध्ये किमान वेतन 4.25 वरून 5.05 डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, तर खानावळींतले रोजगार घटलेले आढळले नाहीत. त्या वादात अजून भर पडते आहे आणि आपली शेती म्हणजे न्यू जर्सी नव्हे, हे मलाही कळतं. द्राक्षाला भाव नसताना बागायतदाराने मजुरी कुठून द्यायची, हा प्रश्न खरा आहे. पण तो शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे आणि तो सरकारशी भांडून सोडवायचा, मजुराच्या पोटातून नाही. आणि एक राज्य दर वाढवतं तेव्हा उद्योग शेजारच्या राज्यात जाण्याची धमकी देतात. म्हणूनच सगळ्या देशाला बंधनकारक तळ हवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या किमान वेतन कायद्याच्या जागी वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला. अनुसूची गेली, किमान वेतन सगळ्या कामांना लागू झालं, हे स्वागतार्ह आहे. नवव्या कलमाने फ्लोअर वेज, म्हणजे हा देशाचा तळ, ठरवायचा अधिकार केंद्राला दिला आणि कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. पण कोणत्या हिशेबाने, हे कलमात पुन्हा नाहीच.

सरकारला हिशेब येत नाही असं कुणी म्हणू नये. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्याचा सर्वांत कमी पगार 18,000 रुपये काढला तो याच 1957 च्या सूत्राने, आणि 2016 पासून तो दिला गेला. मला त्याचा आनंदच आहे. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो तोही निर्देशांकाच्या ठरलेल्या गणिताने. पुढच्याच वर्षी मजुराला सांगितलेला तळ 176 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 4,576. माझी मागणी एवढीच आहे: 18,000 काढताना वापरलेलं सूत्र नवव्या कलमात लिहा, दर सहा महिन्यांनी निर्देशांकाप्रमाणे वाढवा, आणि सरकारने स्वतः काढलेल्या कामावर तो दर सगळ्यांत आधी द्या. येत्या निवडणुकीत जो कोणी मत मागायला येईल त्याला हे तीन मुद्दे लेखी विचारा. आता प्रश्न असतील तर घेऊ.