मक्याच्या पानावरचा पिवळा ‘व्ही’

खरिपातला मका, जमीन काळी, पेरून महिना झालेला. खालचं पान जवळून बघा. टोकाकडून मधल्या शिरेवरून पिवळेपणा आत शिरलाय, ‘व्ही’ अक्षरासारखा. कडा मात्र हिरव्याच. ही नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, कमतरता. कडा करपल्या असत्या तर पालाशकडे, म्हणजे पोटॅशकडे, बोट दाखवलं असतं. शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी पडली असती तर गंधकाकडे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना पुरवतं, म्हणून खालचं पान आधी जातं.

मका गुडघ्याएवढा झाला की तुरा, म्हणजे शेंड्यावरचा फुलोरा, येईपर्यंत नत्र झपाट्याने उचलतो. कणसात दाण्यांच्या ओळी किती, एका ओळीत दाणे किती, हे याच दिवसांत ठरतं. तुऱ्यानंतर ओतलेला युरिया पानं हिरवी ठेवेल. न बसलेला दाणा काही आणणार नाही.

हेक्टरी १२० किलो नत्र म्हणजे एकरी साधारण ४८. पेरताना ५० किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेलं खत) आणि १५ किलो युरिया, बियाण्याला न चिकटता, थोडं बाजूला आणि खाली. मग तिसाव्या दिवशी ३५ किलो युरिया आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास, तुऱ्याआधी, आणखी ३५. माती परीक्षण असेल तर आकडा त्याप्रमाणे बदला. शेणखत भरपूर पडलं असेल तर थोडा हात आखडता घ्या.

खरी गळती होते ती खत देण्याच्या पद्धतीत. ओलसर जमिनीवर युरिया नुसता फेकला की त्याचा अमोनिया होतो आणि हवेत जातो. चुनखडीच्या जमिनीत आणि उन्हात जास्तच. म्हणून वाफसा, म्हणजे चिखल नाही आणि कोरडंही नाही अशी ओल, बघायचा, ओळीपासून चार बोटं लांब खत टाकायचं आणि लगेच कोळपं फिरवून मातीआड करायचं. दुसऱ्या हप्त्याला मातीची भर लावली की खत झाकणं आणि भर देणं, दोन्ही कामं होतात. पानं ओली असताना फेकू नका: दाणे पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अडकतात आणि कोवळी पानं भाजतात.

शेतात पाणी साचलं असेल तर थांबा. हवा कोंडलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडतं. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला की मग हप्ता.

आता हे सोललेलं कणीस. टोकाकडचे दोन इंच रिकामे. उपाशी मक्याचं असंच होतं, पण केस बाहेर पडताना पाण्याचा ताण बसला तरी हेच दिसतं. खालच्या पानांवर ‘व्ही’ नसेल, तर युरियाची गोणी फोडण्याआधी पाण्याच्या पाळ्या आठवून बघा.