१३८ हा आकडा आला कुठून?

मंडळी, दार्या साल्तिकोवा हे नाव निघालं की पाठोपाठ १३८ हा आकडा येतोच. मॉस्कोच्या या खानदानी जमीनदारणीनं १३८ भूदास मारले, असं बेधडक लिहिलं जातं. मीही वर्गात अनेक वर्षं तेच सांगत होतो, तेव्हा आधी माझाच कान धरतो.

भूदास म्हणजे जमिनीबरोबर विकली जाणारी माणसं. १७६२ मध्ये तिच्याकडचे दोन भूदास, सावेली मार्तिनोव आणि येर्मोलाय इल्यिन, पळून गेले आणि त्यांचा अर्ज थेट रशियाच्या महाराणी कॅथरीनच्या हाती पोचला. इल्यिनच्या एकामागून एक तीन बायका बाईसाहेबांच्या माराला बळी पडल्या होत्या. चौकशी स्तेपान वोल्कोव नावाच्या अधिकाऱ्याकडे आली. खानदानी माणूस नव्हता तो, आणि त्याचा फायदाच झाला असावा.

वोल्कोवनं साल्तिकोवाच्या घरच्या वह्या ताब्यात घेतल्या. त्यांत कुणाला किती लाच दिली, हेही लिहिलेलं! आधीच्या एकवीस तक्रारी कुठे जिरल्या, ते त्यावरून कळलं. तक्रार करणाऱ्याला पकडून परत तिच्याच ताब्यात द्यायचे. याच वह्यांवरून त्यानं एक यादी केली: ५० जण 'आजारानं मेले', ७२ 'बेपत्ता', १६ 'नवऱ्याकडे गेले' किंवा 'पळाले'. करा बेरीज. १३८. म्हणजे ही मेलेल्यांची मोजदाद नाहीच. ज्यांचं काय झालं ते शोधायचं होतं, त्यांची ही यादी.

भूदासांनी मिळून पंच्याहत्तर मृत्यूंचा आरोप केला होता. न्यायखात्यानं ३८ मृत्यूंबद्दल तिला निःसंशय दोषी ठरवलं आणि २६ बाबतींत संशय कायम ठेवला. मरणारे बहुतेक बायका आणि मुली. फरशी नीट पुसली नाही, कपडे नीट धुतले नाहीत, एवढ्यावरून सरपणाच्या ओंडक्यानं मार. अडतीस हा आकडा कुणाला कमी वाटतो, हे मला खरंच कळत नाही. ती माणसाचं मांस खात असे, ही कहाणी मात्र नुसती आवई. निकालात त्याचा मागमूस नाही.

चित्राचंही तेच. तिचं म्हणून जे देखणं चित्र सगळीकडे फिरतं, ते दार्या पेत्रोव्ना साल्तिकोवाचं, एका फील्ड मार्शलच्या बायकोचं आहे. नाव आणि आडनाव जुळलं, वडिलांच्या नावाकडे कुणी पाहिलं नाही. आपली बाई दार्या निकोलायेव्ना. बिचारी दुसरी दार्या फुकट बदनाम झाली.

१७६८ मध्ये साल्तिकोवाला तासभर रेड स्क्वेअरमध्ये खांबाला बांधून उभं केलं, तिची खानदानी पदवी काढून घेतली आणि इवानोव्स्की मठाच्या तळघरात कोंडलं. कबुली तिनं शेवटपर्यंत दिली नाही. ३३ वर्षं कैदेत काढून १८०१ मध्ये मेली.

आता एक तारीख सांगतो, जी या कहाणीत सहसा कुणी आणत नाही. ऑगस्ट १७६७. खटल्याचा निकाल अजून लागायचा होता, आणि त्याच कॅथरीननं फर्मान काढलं: मालकाविरुद्ध महाराणीकडे अर्ज करणाऱ्या भूदासाला चाबकाचे फटके आणि सायबेरियातल्या नेर्चिन्स्कच्या खाणींत जन्मठेप. इल्यिन पाच वर्षं उशिरा निघाला असता, तर दप्तरात कातेरिना, फेदोस्या आणि अक्सिन्या या त्याच्या तीन बायकांचा खटला उभाच राहिला नसता. नोंद झाली असती ती त्याच्याच गुन्ह्याची.