बत्तीस बाय तीनची ओ-रिंग चालेल का?

रबाळे एमआयडीसीतलं हे इलेक्ट्रिक पॅनल बनवायचं वर्कशॉप. टेबलावर जे उघडून पडलंय ते हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल, आठ टनी, केबलच्या टोकाला लग, म्हणजे जोडणीचं धातूचं टोक, दाबून बसवायला लागतं. हँडल मारत राहायचं, तेल पिस्टनला ढकलतं आणि डाय, म्हणजे लग दाबणारा साचा, मिटते. सध्या मात्र अर्ध्यावर येऊन हळूहळू मागे सरकतेय आणि टेबलावर तेलाचं थारोळं. प्रेशर धरत नाही म्हणतात ते हेच.

कारण टूल दुरुस्त करणाऱ्या काकांच्या बोटावर आहे. पिस्टनवरची ओ-रिंग, तेल अडवणारी रबरी रिंग. गोल असायची ती चपटी झालीय आणि एका कडेला उंदराने कुरतडल्यासारखी. सातशे बारच्या आसपास प्रेशर असतं आत, एवढ्या दाबात रबर फटीत घुसतं आणि तुकडे जातात. म्हणून शेजारी ती पांढरी टेफ्लॉनची बॅकअप रिंग दिलेली असते, तेलाच्या उलट्या बाजूला. मागच्या वेळी कोणीतरी ती फेकूनच दिली होती, काय बोलणार.

कंपनीला विचारलं तर रिंग सुटी मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्या. म्हणून वर्कशॉपमधला पोरगा जुनी रिंग खिशात टाकून वागळे इस्टेटला. सीलच्या दुकानात शेठनी बोटात धरून बघितली आणि काउंटरवर दुसरी ठेवली, "बत्तीस बाय तीन, सेम टू सेम, डोळे झाकून टाक." म्हणजे आतून ३२ मिलीमीटर, जाडी ३.

दिसायला खरंच सेम. पण चपटी झालेली, तेल पिऊन फुगलेली रिंग मोजून काय कळणार, आणि मोजायचा व्हर्नियर जरा जोरात दाबला की रबर आणखी दबतं. काका म्हणाले, "अरे रिंग नको मोजूस, जागा मोज."

मग मोजली. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ३८ मिलीमीटर, पिस्टनवरच्या खाचेच्या तळाचा व्यास ३२. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलीमीटर जागा. आता तीन जाडीची रिंग तीनच्या जागेत टाकली तर ती नुसती बसून राहणार, दबणार कुठे? आणि ओ-रिंग दबल्याशिवाय सील करतच नाही, सुरुवातीचा दाब तिला आपणच द्यायचा असतो, तेलाचं प्रेशर नंतर तिला आणखी घट्ट करतं.

टूल इंचाच्या मापाचं निघालं. ओ-रिंगच्या मापांच्या अमेरिकन एएस ५६८ टेबलमध्ये २१८ नंबर, आतून ३१.३४, जाडी ३.५३. तीनच्या जागेत साडेतीन, म्हणजे पंधरा टक्के दाबली जाते, आणि खाचेवर चढताना दोनेक टक्के ताणली जाते, सरकत्या पिस्टनला एवढं पुरे. फरक अर्ध्या मिलीमीटरचा, पण सगळा खेळ तिथेच आहे.

वागळेला २१८ होती पण ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप), या प्रेशरला ९० ची कडक लागते. मग ठाण्याहून लोकल, मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. तिथे नंबर सांगितला की पोऱ्या वर न बघता ड्रॉवर ओढतो. नायट्राइल रबराचीच घ्यायची बरं का, कारण यात साधं हायड्रॉलिक तेल आहे. ईपीडीएम या दुसऱ्या रबराची दिसायला तशीच काळी, ब्रेक ऑइलला ती मस्त चालते पण या तेलात फुगून बसते, आणि रंगावरून ओळखता येईल असं समजू नका. रेडिमेड डब्यातल्या रिंगांवर तर काहीच लिहिलेलं नसतं, पाण्याच्या नळाला वापरा खुशाल.

आता बसवताना बघा, काका स्क्रूड्रायव्हर हातात घेतच नाहीत, टोकाने चर पडला की नवी रिंगही गेली. तेल लावून बोटानेच चढवतात, शेजारी बॅकअप रिंग, मग पिस्टन सरळ आत. हवा काढली, हँडल मारलं, डाय मिटली आणि मिटलेलीच राहिली. पंच्याण्णव स्क्वेअर मिलीमीटर केबलची लग लावून बघितली, दाब पूर्ण झाल्यावर जादा प्रेशर सोडणाऱ्या बायपास व्हॉल्व्हचा टक आवाज आला.

उरलेल्या रिंगा पाकिटात, वर मार्करने २१८, नायट्राइल ९०. पोरगा पाकीट खिडकीत ठेवायला गेला तर काकांनी हातातून घेऊन कपाटात टाकलं, उन्हात रबर तडकतं म्हणून.