मेणाच्या ठोकळ्यात उरलेला नमुना

(दृश्य: नौपाडा, ठाणे. पॅथॉलॉजी लॅबचा काउंटर.)

"रिपोर्ट कधी मिळेल?" बायोप्सीची डबी दिली की पहिला प्रश्न हाच. आत मात्र घाई चालत नाही. तुकडा टिकवायला फॉर्मलीन, मेणाचा ठोकळा, मायक्रोटोम या काप काढणाऱ्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप, मग गुलाबी-जांभळा रंग आणि स्लाइड.

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या अवयवाच्या) बायोप्सीत सुईने निघालेला तुकडा जेमतेम १ मिलिमीटर जाड. ५ मायक्रॉनच्या हिशोबाने त्याचे २०० काप पडतील. डॉक्टर पाहतात त्यांतले मोजके. बाकीचं मेणातच राहतं.

(दृश्य: पडद्यावर फिरणारी ग्रंथींची त्रिमितीय प्रतिमा.)

प्रोस्टेटचा कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारी ग्लीसन श्रेणी ठरते त्यातल्या सूक्ष्म ग्रंथींच्या आकारावरून, आणि खरी मेख तिथेच आहे. दुबेळक्याचे (दोन फाटे फुटलेल्या फांदीचे) फाटे आडवे कापले तर दोन सुटे गोल दिसतात, ग्रंथींचंही तसंच. कापात तुटक भासणाऱ्या ग्रंथी आत एकमेकींना जोडलेल्या असू शकतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात यासाठी लाइट-शीट सूक्ष्मदर्शक बनला. नमुना रसायनांत मुरवून पारदर्शक करायचा, रंगद्रव्य भरायचं आणि प्रकाशाची पातळ चादर त्यातून सरकवत थरामागून थर टिपायचा. सुरी लागत नाही, त्यामुळे त्याच नमुन्याच्या नेहमीच्या स्लाइड नंतरही करता येतात.

पण एवढे थर डोळ्यांनी पाहणार कोण? लॅबमधल्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर आधीच स्लाइडच्या ट्रेंची चळत असते! इथे एआय लागतं. २०२४ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेलं 'ट्रायपाथ' हे एआय असं शिकलं: कॅन्सर कुठे आहे हे कुणी आखून दिलं नाही, फक्त कुणाचा आजार उपचारानंतर परत आला आणि कुणाचा नाही, एवढंच सांगितलं. सपाट कापांपेक्षा अख्ख्या नमुन्यावरून त्याचा अंदाज सरस ठरला.

(दृश्य: खारघर, अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर उपचार-संशोधन संस्थेचा परिसर.)

हे अजून संशोधन आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या या संस्थेत देशभरातून रुग्ण येतात. त्यांच्यासारख्यांच्या नमुन्यांवर पारखल्याशिवाय परदेशी प्रोस्टेटवर शिकलेल्या यंत्राचा शब्द प्रमाण मानणं घाईचं होईल. त्या पारखणीला नवी सुई टोचायची गरज नाही. जुन्या ठोकळ्यातलं मेण उतरवूनही हे चित्रण होतं, आणि त्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे फाइलींत लिहिलेलं असतं.